दहा मिनिटांचा कर्ण

दशावतारात कर्ण करावा तो वासू मेस्त्रींनीच, असं अख्खी पंचक्रोशी म्हणायची. अंथरुणाला खिळल्यावर त्यांचा एकच हट्ट होता, आपल्या 'कर्णवध' नाटकाचा व्हिडिओ जगाने बघावा. बायकोने, द्वारकाने, तो फुकटच्या व्हिडिओ साइटवर चढवला. पण कर्ण रथाचं चाक उपसायला वाकला आणि व्हिडिओ तिथेच तुटला. फुकटात दहाच मिनिटं! साइटचे मालक निमकर तालुक्यातलेच. द्वारकाने फोनवर हातापाया पडून पाहिलं. ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम. पुढचं हवं तर पैसे भरा."

मेस्त्री गेले. शोकसभेत निमकर 'आम्हीच त्यांना अमर केलं' म्हणत बोलत सुटले, ते थांबेचनात. द्वारका उठली आणि तिने माइकच बंद केला.

"साहेबांनू, फुकटातली धा मिन्टां झाली. फुडचा बोलूचा आसात तर पैशे भरा."

निमकरांचं तोंड एवढंसं झालं. "वहिनी, अख्खा कर्णवध आजच चढवतो. एक पैसा नको."

"आता ऱ्हवांदे," द्वारका पदराने डोळे टिपत म्हणाली. "त्या धा मिन्टांत बाण अजून सुटलो नाय. थंयच तेवढे ते माका जिते दिसतत."