ज्याची त्याची मूठ

आटपाट जंगल होतं. तिथे वाघ राजा होता आणि दर पाच वर्षांनी तो रीतसर निवडूनही यायचा, कारण मतमोजणी त्याच्याच गुहेत व्हायची.

या जंगलात सगळ्याला माप एकच, मूठ. नव्या नोकराला महिन्याला एक मूठ शेंगदाणे. टिपरी नावाची खार कोठारात शेंगा सोलायला लागली तेव्हा तिचे वडील झुबकेराव म्हणाले, "एका मुठीत मी ढोली केली, लग्न केलं, तुम्हा सात पोरांना वाढवलं. तुझंही होईल."

टिपरीला ढोली हवीच होती. तिचं लग्न ठरलं होतं, आणि नवरामुलगा स्वतःच्या घरात अकरावा होता. त्याची शेपटी बारा महिने बाहेरच लोंबायची.

पहिल्या पगाराला कोठारप्रमुख भोजाजी अस्वल म्हणाला, "घाल हात, घे मूठ."

"माझी? बाबांना तर तुमच्या मुठीने मिळायचं."

"ते जुनं झालं गं. आता स्वावलंबन. ज्याची त्याची मूठ."

टिपरीच्या मुठीत दीड शेंगदाणा आला. तो घेऊन ती ढोली बघायला गेली, तर मालक पुन्हा भोजाजीच.

"भाडं एक मूठ," तो म्हणाला आणि पंजा पुढे केला. "माझी." त्या पंजात टिपरी स्वतःच मावली असती.

झुबकेरावांना काही पटेना. "उधळत असशील. रोज मोहाची फुलं कशाला लागतात तुम्हाला?" टिपरीला राग आला आणि रडूही आलं. मोहाचं फूल तिने होळीनंतर पाहिलंसुद्धा नव्हतं.

ती दरबारात गेली. प्रधान कोल्ह्याने प्रेमाने समजावलं, "बाळ, पगार एक मूठ, भाडं एक मूठ. म्हणजे महागाई शून्य. आणखी काय हवं?" त्याच दिवशी मंत्र्यांचा भत्ताही एक मूठ ठरला, हत्तीची. हत्तीला मूठ नसते असं एक कासव म्हणालं. लगेच समिती बसली आणि हत्तीचा पाय ही मूठच आहे, असा तिने एकमताने निर्वाळा दिला.

मग टिपरीसकट जंगलातली सगळी तरणी पोरं गुहेसमोर जमली आणि रिकामे हात उघडून उभी राहिली. वाघाला ते फार अशुभ वाटलं. वटहुकूम निघाला: तरुणांनी मूठ बंद ठेवावी. उघड्या हातांनी राज्याची बदनामी होते.

आठवड्याने गणना झाली. माकडांनी बंद मुठी मोजल्या, सगळ्या भरलेल्या धरल्या, आणि समृद्धीत आपलं जंगल आसपासच्या पाच जंगलांत पहिलं आलं. झुबकेरावांनी लेकीची पाठ थोपटली. लग्न मात्र पुढच्या सालावर गेलं.

सत्काराच्या सभेत वाघ म्हणाला, "टाळ्या." पोरांपैकी कुणीच वाजवेना, कारण टाळी वाजवायची तर मूठ उघडावी लागते. कोल्ह्याने जागच्या जागी नियम दुरुस्त केला. तेव्हापासून तिथली तरुण पोरं टाळ्या वाजवत नाहीत. मूठ वर करून नुसता जयजयकार करतात.