आक्काचं पेव

“आणि यात आक्का कुठं आहे?” बुवांनी विचारलं.

कागद त्यांच्या मांडीवर पसरला होता. वरपासून खालपर्यंत आकडे, कंस, बाण. मठातल्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळलं नसतं, आणि खरं सांगायचं तर कौस्तुभ नेर्लेकरला त्याचं थोडं समाधानही होतं.

“शेवटच्या ओळीत आहेत, बुवा. मानवी चूक. तीन टक्के.”

“तीनच?”

“सुरुवातीला तीन धरले होते.” कौस्तुभ थांबला. “आता तसं वाटत नाही.”

 बुवांनी कागद उलटा करून पाहिला. मागं कोरा होता.

कौस्तुभ मूळचा एका मोठ्या कारखान्यातला. कुठला माल किती ठेवायचा, कधी मागवायचा, किती उरला की घाई करायची, हे सगळं तो गणितानं काढून द्यायचा. तिथं भांडाराचा एक म्हातारा कारकून होता. कौस्तुभ त्याला काका म्हणायचा, त्याच्या डब्यातली थालिपीठं खायचा. त्याच डब्यातून काका सहा वर्षं तांब्याची तार घरी नेत होते. ते उघडकीला आलं त्या दिवसापासून हा गृहस्थ ताक फुंकून तर प्यायचाच, पण पिण्याआधी मोजायचाही. शेवटी झोप उडाली, नोकरी सोडली आणि मनाला शांती हवी म्हणून तो निरंजनबुवांच्या मठात आला. बुवा म्हणाले, “राहा.” तो राहिला. चौथ्या दिवशी त्यानं कोठी पाहिली आणि शांती बाजूलाच राहिली.

मठ कृष्णाकाठी, उंचवट्यावर. श्रावणात नदी पात्राबाहेर आली की खालच्या तीन वाड्यांची माणसं गुराढोरांसकट मठात चढून येतात. पाणी ओसरेपर्यंत त्यांच्या पोटाची काळजी मठाची. त्यासाठी कोठीच्या जमिनीखाली एक पेव आहे. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं मोठं पोट, आतून पाचटाचं अस्तर. सुगीला त्यात ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि शेणमातीनं लिंपून हवा बंद करायची. पेव भरणं, राखणं आणि उघडणं हे सगळं एकट्या चंद्राक्काच्या हातात. एकतीस वर्षं.

“सांग तर खरं,” बुवा म्हणाले. “तुझं गणित काय म्हणतं?”

“रोजचा खप किती, सांगितलेला माल यायला किती दिवस लागतात, आणि अडीनडीला राखीव साठा किती हवा. या तिन्हींवरून सगळं निघतं.”

“राखीव कशासाठी?”

“खात्री नसते म्हणून. खात्री जितकी कमी, तितकं राखीव जास्त.”

“म्हणजे शंका मापून पोत्यात भरायची.”

“तसं म्हणा हवं तर.” कौस्तुभला हे वाक्य आवडलं. “माझ्या हिशेबानं पेवात साडेएकेचाळीस पोती ज्वारी असायला हवी. पण आहे का, ते कुणालाच माहीत नाही.”

“आक्काला माहीत आहे.”

“तेच तर!”

तो जरा मोठ्यानंच बोलला. मग त्यानं आवाज खाली आणला, कारण ओसरीच्या पलीकडे चंद्राक्का सुपानं डाळ पाखडत होती.

“बुवा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी त्यांना विचारलं, पेवात किती आहे? म्हणाल्या, भरलंय. भरलंय म्हणजे किती? म्हणाल्या, पुरंल तेवढं. हे काय उत्तर झालं? बरं, रोज सकाळी त्या कोठीत जातात, दार आतून लावून घेतात, अर्ध्या तासानं हात धूत बाहेर येतात.”

“विचारलंस?”

“विचारलं. म्हणतात, लिंपते. रोज? रोज कसलं लिंपण?... बुवा, मी कुंपणाला शेत खाताना पाहिलंय. कोठीच्या किल्ल्या त्यांच्याकडून काढून घ्या. आणि पेव उघडून मोजू द्या.”

...

“आक्का,” बुवांनी हाक मारली.

चंद्राक्का आली. साठीच्या पुढची, काटक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिनं सगळं ऐकलेलं असणार, हे तिच्या तोंडावरून कळत होतं.

“हा पेव उघडा म्हणतोय.”

“आखाडात?” ती कौस्तुभकडं वळली. “सायेब, ह्या हवंत तोंड काढलं तर दमट वारं आत जातंय. आठ दिसांत आंबूस वास सुटंल. पेव एकदा उघडलं की रिकामंच करावं लागतंय. आन् पाणी तर अजून यायचं हाय.”

कौस्तुभनं मान हलवली. वा! काय सोय आहे, त्याच्या मनात आलं. उघडलं तर धान्य नासतं म्हणून उघडायचं नाही, आणि उघडायचं नाही म्हणून कुणी बघायचं नाही. काकांचा डबासुद्धा इतका पक्का बंद नव्हता.

“भरलेलं असेल तर तुम्हाला भीती कसली?” त्यानं विचारलं.

 चंद्राक्का बुवांकडं बघत राहिली.

बुवांनी डोळे मिटले. 

“उघड,” ते म्हणाले.

“बुवा...”

“उघड, आक्का.”

तिनं पहार आणली. कोठीत अंधार होता, जमीन गार होती. पेवाच्या तोंडावरचं लिंपण गुळगुळीत होतं, आणि त्यावर जागोजाग बोटभर रुंदीचे ओले पट्टे होते. आज जिथं तडा दिसला, तिथं आजच बुजवलेला. कौस्तुभनं ते पाहिलं. रोजच्या लिंपणाचं कारण त्याच्या समोर होतं, पण आता माघार कशी घ्यायची? माणसाचा संशय चुकीचा ठरायला लागला की तो आणखी एक पाऊल पुढं टाकतो.

फरशी सरकली. उबट, जडसा वास वर आला.

चंद्राक्कानं कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि हळूच आत सोडला. हातभर खाली जायच्या आत तो विझला.

“आत हवा न्हाई,” ती म्हणाली. “दिवा ऱ्हाईपत्तुर कुणी वाकायचं न्हाई. दुपार होऊ द्या.”

कौस्तुभनं कंदील उचलून पाहिला. वात नीट होती. तरी त्याला वाटलं, वात काय, खाली घेतली की विझते. दुपारपर्यंत इथं काय काय होईल कोण जाणे.

त्यानं वजन बांधलेली फीत आत सोडली. दीड हातावर ती टेकली. म्हणजे ज्वारी होती, आणि तोंडापर्यंत होती.

आता इथं एखादा शहाणा उठला असता, आक्काच्या पाया पडला असता. कौस्तुभच्या डोक्यात आलं ते असं, की वर हातभर ज्वारी आणि खाली नुसता भुसा असला तर? कारखान्यात तारेच्या रिळांत खाली दगड निघाले होते.

त्यानं कोपऱ्यातली लोखंडी सळई उचलली, पालथा पडला आणि सळई खोल खुपसायला डोकं पेवाच्या तोंडात घातलं.

एक श्वास घेतला. दुसरा घेतला. तिसरा घ्यायला गेला तेव्हा सळई हातात आहे की नाही, हेच त्याला कळेना...

डोळे उघडले तेव्हा तो अंगणात होता. तोंडावर पाणी. सदऱ्याची कॉलर जाग्यावर नव्हती. ती चंद्राक्काच्या मुठीत होती आणि ती धापा टाकत शेजारी बसली होती.

“मेला असतास की रं पोरा,” ती म्हणाली, आणि रडायलाच लागली.

दुपारी कंदील आत टिकला. सळई तळापर्यंत गेली, आणि जिथंजिथं गेली तिथं ज्वारीच लागली.

मग ती संपवावी लागली. तिन्ही वाड्यांना निरोप गेले. आठ दिवस माणसं येत होती, पोती भरून नेत होती. नवव्या दिवशी तळाचं पाचट निघालं. बेचाळीस पोती भरली. कौस्तुभच्या कागदावर साडेएकेचाळीस होती. इतकं बरोबर आलेलं गणित त्यानं आयुष्यात मांडलं नव्हतं आणि इतकी लाजही त्याला कधी वाटली नव्हती. लोकांनी नेलेलं धान्य खालच्या घरांत होतं. नदी आली की ते घरांसकट भिजणार होतं. मठाच्या कणगीत उरलं होतं सहा दिवसांचं.

आणि नदीचा रंग बदलला होता.

त्या सकाळी चंद्राक्कानं कमरेचा जुडगा सोडला, बुवांच्या पायाशी ठेवला.

“भाचीकडं जाते, बुवा. मोजायला माजी ना न्हाई. पर त्यानं पोती न्हाई मोजली, मला मोजली.”

बुवांनी जुडगा उचलला नाही.

कौस्तुभ खाली मान घालून उभा होता. त्याच्यानं राहवेना.

“तुम्हाला सगळं माहीत होतं,” तो बुवांना म्हणाला. “धान्य नासणार, पाणी येणार. मला उघडू का दिलंत?”

“तू ते रोज उघडत होतास,” बुवा म्हणाले. “त्या दिवशी फक्त फरशी निघाली.”

...

“आता पाणी आलं तर?”

“दुसरं पेव आहे.”

कौस्तुभनं झटकन वर पाहिलं. “दुसरं?”

“आहे म्हणते आक्का. कोठीतच कुठंतरी.”

“तुम्ही पाहिलंय?”

“नाही.”

“एकदाही?”

“एकतीस वर्षांत एकदाही नाही.”

“मग कशावरून...”

शब्द अर्धवट राहिले. त्याचा हात खिशातल्या पेन्सिलीवर गेला होता. कुठं आहे? किती आहे? कधी भरलं, कुणी भरलं, आणि बुवांनाही दाखवलं नाही ते का? सगळे प्रश्न ओळीनं उभे होते. एकही थकलेला नव्हता.

बुवा वाकले. त्यांनी जुडगा उचलला आणि कौस्तुभच्या तळहातावर ठेवला.

“तुला किल्ल्या हव्या होत्या ना? घे. आक्का जायच्या आधी जागा दाखवील. पहार आतच आहे. जा, बघून ये.”

चंद्राक्का हलली नाही. 

किल्ल्या गार होत्या. एक मोठी, दोन लहान, एक गंजलेली. बघून आलं की आज रात्री झोप लागेल, कौस्तुभला वाटलं. हजार माणसांचा प्रश्न आहे, एकदा बघायला काय हरकत आहे? आणि त्याला हेही वाटलं, की असंच त्याला मागच्या वेळी वाटलं होतं.

खाली नदीचा आवाज येत होता...

तो चंद्राक्कासमोर जाऊन जमिनीवर बसला आणि जुडगा तिच्यापुढं धरला.

“आक्का, जाऊ नका. पाणी येईल तेव्हा तुम्हीच उघडा.”

तिनं हात पुढं केला नाही.

“आन् नसलं त्यात काय तर?”

 संशय गेला होता असं नाही. तो तिथंच होता, दाराशी बसलेल्या कुत्र्यासारखा कान टवकारून. पण या वेळी कौस्तुभनं त्याला आत घेतलं नाही.

“तर तुमच्या शेजारी उपाशी बसेन.”

चंद्राक्का त्याच्याकडं बघत राहिली. फाटलेल्या कॉलरच्या जागी त्यानं स्वतःच वेडेवाकडे टाके घातले होते. तिनं ते पाहिले. मग किल्ल्या घेतल्या, कमरेला खोचल्या आणि पदर सारखा केला.

“सदरा काढून ठिव. नीट शिवून देते,” ती म्हणाली.

ती कोठीकडं निघाली. उंबऱ्यापाशी थांबली, मागं वळली.

“बुवा, माजंबी वय झालं. उद्या माजं काय झालं तर... जागा तुमास्नी तरी दावून ठिवू?”

बुवांनी दोन्ही हात घाईघाईनं शालीखाली घेतले.

“नको, आक्का... माझाही काही भरवसा नाही.”