गोजराबाईचा रांजण

बसा हो, टेका जरा. वाइनरी काही पळून जात नाही. एवढी वाट तुडवून करंजटोकात आलात ते इथल्या लाल वाइनचं नाव ऐकूनच ना? मग आधी गोजराबाईची गोष्ट ऐका. ती ऐकवल्याशिवाय इथं कुणी पेला पुढं करत नाही, आणि मी तर मुळीच नाही.

ही सडक नव्हती, खालचं धरण नव्हतं, तेव्हाची गोष्ट. गावात हैबती कुंभार आणि त्याची बायको गोजरा राहायची. त्यांच्या परसात काळ्या द्राक्षांचा वेल होता. वेल कुणी आणला? कुणी म्हणतं गोसाव्यानं, कुणी म्हणतं पाद्र्यानं. मला विचाराल तर पाखरानं. द्राक्षं बारकी, नुसत्या बिया, पोरंसुद्धा तोंड लावत नसत. गोजरानं ती रांजणात चेचली आणि लोणच्याच्या बरणीसारखं तोंड गच्च लिंपून टाकलं. झालं! आतून फेस चढला आणि रांजण फुटला. भिंती लाल, हैबती लाल, आणि गाव हसून हसून बेजार.

पुढच्या साली तिनं फेस निवेपर्यंत नुसतं फडकं बांधलं, मग लिंपलं. दारू झाली, पण कसली? पाटलांनी एक घोट घेतला आणि दोन दिवस त्यांची जीभ टाळूला चिकटून राहिली, असं म्हणतात. हैबती म्हणाला, "गोजरे, ही पिऊ नये, हिच्यात कातडं कमवावं!" गोजरा रुसली. त्यानं हसत हसत तो रांजण घरातच जमिनीत पुरला, आणि लमाणांच्या तांड्याबरोबर मडकी विकायला खानदेशात गेला.

तो काही परत आला नाही. कैक पावसाळे गेले. गोजरानं वेल जपला, पण कपाळाचं कुंकू कुणाला पुसू दिलं नाही.

आणि एका बाजाराच्या दिवशी दाढी वाढलेला एक माणूस दारात उभा राहिला. म्हणाला, "गोजरे, मी आलो." अंगानं हैबतीसारखाच. बैलाचं नाव सांगितलं, विहिरीच्या फुटक्या पायरीचं सांगितलं. गाव आनंदलं. "अगं बाई, बघतेस काय? ओवाळ की!" पण गोजराचं मन काही हो म्हणेना. हो म्हणावं तर परक्याशी संसार, नाही म्हणावं तर सख्ख्या नवऱ्याला दारातून हाकलल्याचं पाप. बाईनं करावं तरी काय?

तिनं ओवाळायचं ताट हातात धरलं आणि म्हणाली, "ओवाळते. आधी आपल्या रांजणातला घोट घ्या."

रांजण उघडला. असं म्हणतात, की त्या वासानं डोंगरापलीकडच्या मधमाश्या दाराशी गोळा झाल्या. त्या माणसानं घोट घेतला, डोळे मिटले. "अहाहा! तीच चव, गोजरे! गेलो तेव्हा होती तश्शी!"

गोजरानं ताट खाली ठेवलं. वाटी पाटलांच्या हाती दिली. "पाटीलबाबा, तुम्ही तेव्हा चाखली होती. तीच का हो?"

पाटलांनी भीतभीतच ओठ लावले आणि बघतच राहिले. "छे! तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. ही तर मुरून लोण्यासारखी उतरते गं!"

मग काय, लोकांनी काठ्या उचलल्या. तो माणूस मटकन खाली बसला. "मी सुभाना. ना घर, ना दार. हैबती तापीकाठी तापानं गेला, माझ्या मांडीवर. रोज घरचंच बोलायचा. ऐकून ऐकून मला ते घर माझंच वाटायला लागलं. म्हणायचा, माझ्या गोजराच्या हातच्या दारूची चव जगात कुठं नाही."

इतका वेळ ताठ उभी असलेली गोजरा तेव्हा रडली. तोंडावर 'हिच्यात कातडं कमवावं' म्हणणारा माणूस, जगाला मात्र हे सांगत होता! एकदा तरी मला म्हणायचं होतंत हो, असं ती रांजणाशी बसून म्हणत राहिली.

मग ती उठली आणि काठ्यांच्या आड येऊन उभी राहिली. "खोटं बोललास, त्याचा राग जायचा नाही. पण त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी तू घातलंस. नवरा म्हणून नाही, भाऊ म्हणून राहा." आणि तिनं त्याला ओवाळलं. त्या रांजणातून अख्ख्या गावानं घोट घेतला तरी तो रिता झाला नाही, असं म्हणतात.

सुभानानं पुढं त्या वेलाचा मळा केला. तोच हा.

आजही इथलं माणूस पोटापाण्यासाठी लांब निघालं, की त्याच्या नावानं नव्या वाइनची एक बाटली जमिनीत पुरतात. परतलं की उंबऱ्यातच पेला देऊन विचारतात, "तीच चव आहे का रे?" तो म्हणतो, "नाही, बदलली." मग त्याला आत घेतात.

आणि जो परतत नाही, त्याची बाटली बातमी आणणाऱ्यासाठी उघडतात. त्याला चव विचारत नाहीत. पाट मांडतात, ओवाळतात, आणि घरातली बाई त्याच्यासमोर बसून म्हणते, "सांग दादा, आमच्याबद्दल काय काय बोलायचा?"