मामाच्या हातचा पहिला घास

सोनवडी गावात गेनू नावाचा एक भोळा मामा होता. मामा तो सहा महिन्यांपूर्वी झाला होता, भोळा मात्र जन्मापासूनच होता.

त्याची थोरली बहीण पारू. तिच्या बाळाचं उष्टावण ठरलं. बाळाला अन्नाचा पहिला घास मामाने भरवायचा, म्हणून गेनू बहिणीच्या सासरी पोचला. जाताना केळं घेऊन गेला. गेल्या गेल्या ते सालासकट बाळाच्या तोंडाशी धरलं.

पारू म्हणाली, “अरे, त्याला दात कुठेत? बाळासाठी काही आणलं की आधी सोलायचं, मग कुस्करायचं.”

“बरं आक्का.”

तेवढ्यात शेजारीण बाळासाठी लाकडी खुळखुळा देऊन गेली. गेनूने विळीवर त्याचा रंग सोलला. मग वरवंट्याने तो कुटला. बिचारा घामाघूम झाला.

पारूने कपाळाला हात लावला. “अरे, बाळासमोर धरून जोरात हलवायचं, म्हणजे ते हसतं.”

“बरं आक्का.”

मग पारूने भाताच्या पेजेचं पातेलं त्याच्या हाती दिलं. गेनूने ते बाळासमोर धरून जोरात हलवलं. बाळ खरंच हसलं. पेज मात्र सासूबाईंच्या नव्या लुगड्यावर गेली.

“अरे, गरम वस्तू बाळाजवळ आली की आधी फुंकर घालायची,” पारू सासूबाईंचा पदर पुसता पुसता म्हणाली.

“बरं आक्का.”

औक्षणाची वेळ झाली. पारूची जाऊ निरांजन लावून बाळाजवळ आली. गेनूने गाल फुगवले आणि फूऽऽ करून ज्योत विझवली.

आता मात्र सासूबाई तडकल्या. “पुरे झाला हा मामा. बाळाचा काका भरवेल घास.”

पारूचे डोळे भरून आले. माहेरचं म्हणून तिला हे एवढं एकच माणूस होतं. “एकदाच भरवू द्या त्याला,” ती म्हणाली. “माझ्या बाळाला मामा असून नसल्यासारखा नको व्हायला.”

सासूबाई विरघळल्या, पण गेनूवर नजर ठेवायला अगदी समोर येऊन बसल्या.

पारूने खिरीची वाटी आणि बाळाचं टोपडं गेनूच्या हातात दिलं आणि कानात सांगितलं, “आता नीट ऐक. घाई करायची नाही. बोळकं उघडलं की चमचाभर खीर घालायची. घास गिळला की लगेच टोपडं बांधायचं.”

“बरं आक्का.”

गेनू चमचा धरून बसला. बाळाने ओठ घट्ट मिटले. गेनू हलेना. बाळ तोंड उघडेना. सगळं घर श्वास रोखून बघत राहिलं.

शेवटी सासूबाईंना राहवेना. त्यांच्याही तोंडात एकही दात नव्हता. “अरे, भरव की...” म्हणत त्यांनी बोळकं उघडलं.

गेनूने खीर घातली. सासूबाईंनी गिळली. गेनूने लगेच त्यांच्या डोक्यावर टोपडं चढवलं आणि हनुवटीखाली नाडी बांधली.

झालरीच्या टोपड्यातली आजी बघून बाळ खदखदून हसलं. पारूने ती संधी साधली. गेनूचा हात धरून तिने खीर बाळाच्या जिभेवर टेकवली. बाळाने ती मिटक्या मारत खाल्ली. पारूला हसू आवरेना आणि रडूही.

आपल्या हातून एक तरी काम धड झालं, म्हणून गेनू खूश झाला. त्याने सासूबाईंकडे मायेने पाहिलं आणि मांडी नीट घालून बसला.

“आक्का,” तो म्हणाला, “हिचं जावळ काढायचं राहिलंय ना? दे इकडे, घेतो मांडीवर.”