रस्त्यावरची हाक

एकदा एक सारथी होता. रथ, घोडे, शंखनाद असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. त्याच्याकडे जुनी पांढरी मोटार होती, तिच्या मागच्या काचेवर तांबड्या रंगात ‘शिकाऊ’ असं लिहिलेलं होतं, आणि निम्म्या तालुक्याला त्यानं गाडी चालवायला शिकवलं होतं. नाव हैबती, सगळे अण्णा म्हणत. वय सत्तरीच्या पलीकडे, आवाज खालचा, आणि शिकवण्याची रीत अशी की दुसऱ्या दिवशीच शिष्य वैतागावेत. क्लच आणि गिअर नंतर. पहिले चार दिवस अण्णा गाडीतून उतरायला शिकवत.

“इंजिन बंद. किल्ली मुठीत. मग दार. आणि मागे माणूस बसलेलं असेल तर त्याला सोडून चार पावलंही जायचं नाही.” एवढंच, पण शंभरदा. लोक हसत. अहो, उतरायला कसली आली विद्या? मीही हसलो होतो, उगाच कशाला लपवू?

वैजयंतीबाई ही त्यांची शेवटची शिष्या. शाळेत त्या चाळीस मुलांच्या बाई, इथे मात्र कान पकडून शिकणारी विद्यार्थिनी. त्यांच्या वडिलांचे, नानांचे, अर्धांगवायूने पाय गेले होते. आठवड्यातून दोनदा त्यांना शहरात व्यायामोपचाराला न्यावं लागे, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणून त्यांनी गाडी घेतली, म्हणून त्या अण्णांकडे आल्या. मागच्या सीटवर असा माणूस बसणार होता, ज्याला स्वतःहून दार उघडून उतरता येत नव्हतं. हे अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.

आता थोडं विषयांतर करतो. आपल्याकडे रस्त्यावर एक फार गोड चाल आहे. ओळख ना पाळख, पण शेजारून जाणारा ओरडतो, “ओ दादा, स्टँड वर घ्या!” समोरून येणारा हाताची मूठ उघडझाप करून सांगतो की तुमचा दिवा जळतोय. “ताई, ओढणी सांभाळा!” म्हणून कुणी जिवाच्या आकांताने हाका मारतो आणि आभाराची वाट न बघता निघून जातो. ही माणसं कोण, कुठली, आपल्याला कधी कळत नाही. मला तर वाटतं, एवढ्या गर्दीत आपण शाबूत घरी पोहोचतो ते निम्मं त्यांच्यामुळे. अण्णांना मात्र कुणी अशी हाक मारली की त्यांचा चेहरा उतरायचा.

शेवटच्या धड्याला अण्णांनी बाईंची स्वतःची गाडी काढायला लावली आणि नानांनाही मुद्दाम बरोबर घ्यायला लावलं. सकाळची दहाची वेळ, हमरस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना बाभळी. मागून मोटारसायकलवरून एक दूधवाला आला. दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले. तो शेजारी येऊन ओरडला, “ओ बाई! मागचं चाक बसलंय! थांबा!”

वैजयंतीबाईंचा पाय ब्रेककडे गेला. अण्णा म्हणाले, “थांबायचं नाही. हात वर करून आभार माना. दारं बंद आहेत ना? काच खाली घ्यायची नाही. हळूहळू पुढच्या पंपावर चला.”

“अण्णा, पण गाडी खरंच ओढतेय!”

“ओढू दे.”

दूधवाला गाडीबरोबर येतच राहिला. त्याने काचेवर टकटक केली. “अहो, ऐकू येत नाही का? टायरची वाट लागेल!” अण्णांनी समोरची नजर हलवली नाही. शेवटी त्या भल्या माणसाचा पारा चढला. “मरा तिकडं! परत कुणाला सांगेन तर शपथ!” असं म्हणून तो डेअरीच्या फाट्याला वळला.

पंप दीड कोसावर होता. तिथे पोहोचेपर्यंत टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. चाक खरोखरच बसलं होतं, दूधवाला अक्षरन्‌अक्षर खरं बोलला होता. अण्णांनी आधी नानांना उचलून पंपाच्या सावलीत खुर्चीवर बसवलं, किल्ली खिशात टाकली, मग जॅक काढला. वैजयंतीबाई संतापल्या.

“टायर गेलं त्याचं मला काही नाही, अण्णा. पण तो बिचारा स्वतःचं काम सोडून सांगत होता, आणि आपण त्याला चोर ठरवला! हेच शिकवायचं होतं का मला? माणसाकडे बघायचं नाही?”

अण्णांनी स्टेपनी चढवली, हात पुसले आणि म्हणाले, “चला, गाडी वळवा. डेअरीवर जायचंय.”

डेअरीपाशी दूधवाला रिकामे कॅन धूत होता. ती गाडी पाहताच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. अण्णा उतरले, त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. सत्तरी ओलांडलेला माणूस, चारचौघांत, तिशीतल्या दूधवाल्यापुढे हात जोडून उभा.

“पाव्हणं, तुम्ही खरं सांगितलंत. चाक बसलं होतं. मी या बाईंना थांबू दिलं नाही, चूक माझी. माफ करा. आणि तुमच्या पाया पडतो, हाक मारायचं सोडू नका.”

दूधवाला गडबडला. “अहो काका, हे काय! एवढ्यासाठी माघारी आलात?” मग मान खाली घालून म्हणाला, “खरं सांगू? मी ठरवलंच होतं. आजपासून कुणाचं चाक बसू दे नाहीतर निखळू दे, आपण तोंड उघडायचं नाही.”

“म्हणूनच आलो,” अण्णा म्हणाले.

गाडी परतीला लागली. नानांनी मागून विचारलं, “हैबती, तुमचं काय गेलं होतं हो?”

अण्णा सांगू लागले. “मी एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होतो. देवमाणूस. एकदा त्यांच्या म्हाताऱ्या आईला माहेरच्या गावाहून घेऊन येत होतो. वैशाखाचं ऊन. आई मागच्या सीटवर शाल पांघरून निजलेल्या. स्कूटरवरून दोघं आले, म्हणाले, ‘ड्रायव्हरसाहेब, खालून तेल गळतंय.’ मी थांबलो. आईंना उकडू नये म्हणून इंजिन चालूच ठेवलं, किल्ली तशीच, दार उघडं. मागे जाऊन वाकून बघतोय, तेल कसलं नि काय! तेवढ्यात बाभळीतून तिसरा निघाला. मला फक्त दार आपटल्याचा आवाज आला.”

“आणि आई?” वैजयंतीबाईंनी विचारलं. त्यांनी वेग आपोआप कमी केला होता.

“मागे माणूस आहे हे त्यांना पुढे गेल्यावर कळलं असणार. सात-आठ कोसांवर एका माळावर उतरवून दिलं. नव्वद वर्षांचा जीव, अनवाणी, डोक्यावर ऊन. संध्याकाळी सापडल्या. जिवंत होत्या. गाडीही महिन्याभराने सापडली. मालकांनी मला काढून टाकलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. आई पुढे दोन वर्षं होत्या. खोलीतून कुणी उठून दाराकडे गेलं की घाबऱ्या होऊन म्हणायच्या, ‘मला टाकून जाऊ नका रे.’ मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्या पायाशी बसायचो. माझं बोट धरून त्या मलाच सांगायच्या, ‘तो ड्रायव्हर मला टाकून गेला.’ मी म्हणायचो, ‘हो आई.’”

अण्णा पुढे म्हणाले, “बाई, चोरांच्या शंभर तऱ्हा. कुणी काचेवर अंडं फोडतं, तिथे पाणी मारायचं नाही, पांढरं पसरून काहीच दिसत नाही. कुणी मागून हलका धक्का देतं, तेव्हा तावातावाने उतरायचं नाही. चार माणसं असतील तिथे जाऊन थांबायचं. आणि कुणी चाकू दाखवलाच तर गाडी देऊन टाकायची, पण आधी म्हणायचं, मागचं माणूस उतरवू दे. हे सगळं शिकता येतं. पण त्या लोकांनी माझी खरी चोरी केली ती वेगळीच. रस्त्यावर कुणी आपुलकीने हाक मारली की मला आजही तिची भीती वाटते. गाडी सापडली, पण तो विश्वास काही परत सापडला नाही मला. तुम्ही थांबू नका, पण हाक मारणाऱ्याला मनात चोर म्हणू नका. आणि तो खरा निघाला तर माघारी जा. टायरचं नुकसान आपण सोसायचं. त्याच्या भलेपणाचं नुकसान आपल्यामुळे होता कामा नये.”

अण्णा आपल्या आळीच्या तोंडाशी उतरले. जाताना त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला, वैजयंतीबाईंकडे मात्र बघितलं नाही.

घर आलं. ओळखीचा बोळ, ओळखीचं फाटक. दुसऱ्या कुणीही केलं असतं तेच वैजयंतीबाईंनी केलं. गाडी फाटकासमोर उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि फाटक उघडायला उतरल्या. एक, दोन, तीन पावलं. चौथं टाकता टाकता त्या थबकल्या. वळून बघितलं तर नाना मागच्या सीटवरून त्यांच्याकडेच बघत होते.

त्या माघारी आल्या. इंजिन बंद केलं, किल्ली काढून मुठीत घेतली आणि मागचं दार उघडून वडिलांच्या हातावर हात ठेवला.

“नाना, मी इथेच आहे.”