चांदणीआधीची तिरपी रेघ

एका राज्यात मेलेल्या माणसाचे नाव दगडावर कोरीत आणि नावाच्या दोहों बाजूंस एकेक चांदणी काढीत. तेथल्या राजाने एका मांत्रिकाच्या मेलेल्या बायकोला दगड नाकारला. मांत्रिकाने मरतेवेळी शाप दिला, "यापुढे तुमच्या खुणा खुणा राहणार नाहीत."

त्याच आठवड्यात कमळजा पाथरवटिणीने आपल्या सहा वर्षांच्या लेकीचा दगड घडवला. चांदण्या कोरताच विरून गेल्या, मधली अक्षरे फुगत गेली आणि दगड दुभंगला. कमळजा लेकीच्या नावाने टाहो फोडू गेली, तो नावच आठवेना. नवऱ्यालाही आठवेना, शेजाऱ्यांनाही नाही. मग राज्यात घरोघर तसेच होऊ लागले.

वर्षाने राजपुत्र वारला. राजा अनवाणी कमळजेच्या दारी आला.

"माझ्या मुलाचे नाव राख."

"महाराज, मला लेकीचे राखता आले नाही."

"म्हणूनच तुझ्याकडे आलो."

राजपुत्राच्या दगडावर खुणा तीन: वर जाळी, बाजूंस चांदण्या, खाली आडवी रेघ. कमळजा छिन्नी धरून नुसतीच बसली. तेव्हा त्या मांत्रिकाने पाळलेली बोलकी साळुंकी कुंपणावर येऊन बोलली, "प्रत्येक खुणेआधी तिरपी रेघ ओढ. रेघ दिसायची नाही, पण खूण टिकेल."

"हे वर्षापूर्वी का नाही सांगितलेस?"

"कुणी विचारले नाही, बाई."

कमळजेने जाळीआधी रेघ ओढली. रेघ विरली, जाळी राहिली. चांदण्याही राहिल्या. तिसऱ्या खुणेला तिने डाव्या हाताने उजवे मनगट आवळून धरले. दगड अभंग राहिला. राजाने मुलाचे नाव मोठ्याने वाचले.

"काय हवे ते माग," तो म्हणाला.

"मांत्रिकाच्या बायकोला दगड द्या."

राजाने होकार दिला. त्या बाईचे नाव साळुंकीने सांगितले: वेणुबा. या वेळी कमळजेने तिरपी रेघ ओढली नाही, तरी चांदण्या जागच्या जागी राहिल्या. शाप सरला होता. लोक आपापल्या माणसांचे दगड घेऊन निर्भयपणे येऊ लागले.

"आणि पुसलेली नावे?" कमळजेने विचारले.

"ती गेली," साळुंकी म्हणाली आणि उडाली.

कमळजेने एक लहानसा दगड घडवला. त्यावर दोन चांदण्या कोरल्या, मधली जागा मोकळी ठेवली.

नवरा हलकेच म्हणाला, "दुसरे एखादे नाव घालू या का?"

"नको," कमळजा म्हणाली. "त्या नावाला ती ओ देणार नाही."