कासारणीचा खुबा

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, मग तुला मानते. एका म्हाताऱ्या डॉक्टरानं भर दवाखान्यात हातात बांगड्या भरून घेतल्या. हसलास ना? मला ठाऊकच होतं.

एकदा एक कासारीण होती. ऐन तरणेपणी तिच्या खुब्याच्या हाडाला रक्त मिळेना, हाडाचा गोळा आतून मरत चालला. सगळे म्हणाले, काढून टाक, धातूचा बसव. ती म्हणाली, "मग मी खाली कशी बसू? गिऱ्हाईक सतरंजीवर आणि मी खुर्चीवर, असं कुठं असतं का?" या म्हाताऱ्यानं तिचंच हाड राखलं. कापून असं वळवलं, की मेलेला भाग बाजूला झाला नि जिता भाग वजनाखाली आला.

पुष्कळ वर्षं गेली. ती लंगडत परत आली. म्हाताऱ्याच्या शिष्यानं फोटो उजेडाला धरला. "सर, गोळा चपटलाय. आपलं ऑपरेशन फसलं. आता नवाच खुबा बसवायचा."

"होय," म्हातारा म्हणाला. मग त्यानं काय करावं? खाली चादर अंथरली, कण्हत कण्हत बसला नि हात पुढं केला. "भर बाई."

"सर, दारातून लोक बघतायत."

"तुला पण भरायच्यात का? मग थांब माझ्यामागं."

कासारीण भिंतीला धरून खाली टेकली, दुखरा पाय लांब केला. पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या. त्याचा पंजा दाबून दाबून मऊ केला नि एकेक अलगद चढवली. भरून झाल्यावर बायका कासाराला करतात तसा म्हाताऱ्यानं तिला वाकून नमस्कार केला.

शिष्याला काही उमगेना. म्हातारा म्हणाला, "अरे, जन्मभर टिकेल असं मी तिला कधी म्हटलंच नव्हतं. तिनं खाली बसणं मागितलं होतं. ती बसली. किती नवरीमुलींचे हात तिनं धरले असतील. हाड किती उरलं ते फोटोत दिसतं, ती किती बसली ते दिसत नाही. फसलं म्हणू नकोस, बाबा. पुरलं तेवढं पुरलं."

कासारीण चादरीवरून हात फिरवत होती. "नवा बसवल्यावर, डॉक्टर?"

"खुर्चीच."

"मग जरा बसू द्या."

तिला उठवायला वाकलेला शिष्य तसाच सरळ झाला. दाराशी गेला नि बाहेरच्यांना म्हणाला, "थोडा वेळ लागेल."

तोंड काय बघतोस माझं? नाही ना पटलं? नको पटू दे. जा आता.